कोळंबीभोवती डुकराची पट्टी

सोललेली कोळंबी घ्यायची, तिच्याभोवती डुकराच्या खारवलेल्या मांसाची पातळ पट्टी गुंडाळायची, काडी टोचायची आणि भाजायची. एवढंच. तांदळाची पेज करायला याहून जास्त लक्ष लागतं. तरी बोईसरच्या एका बंगल्यात एका एकतीस डिसेंबरला हा पदार्थ ज्या थाटात मिरवला गेला, तो थाट माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. राग तर नाहीच नाही. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही. मी तो निवू दिलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी माहीमची. मुंबईचं माहीम नव्हे, पालघरच्या खालचं, केळव्याशेजारचं. वडील होडीवर, आईची टोपली पालघरच्या बाजारात. आमच्या आळीत मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मी पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. हे मी सांगते ते मिरवायलाच सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांनी विनय दाखवावा. त्यांना तो परवडतो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांचा एक कारखाना होता, तिथल्या लॅबमध्ये मी लागले. रोज एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर. लॅबमध्ये आम्ही पाच केमिस्ट. चार पुरुष आणि मी. नमुने तपासायचे, ब्युरेटकडे डोळे लावून थेंब मोजायचे, सुट्टी झाली की पिवळी पडलेली बोटं साबणाने घासायची. पाचही जणांचं काम सारखंच होतं. निदान मला तसं वाटत होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघांच्या टेबलांवर छापील कार्डं आली. मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर एकतीस तारखेची पार्टी, जर्मनीहून आलेले दोन पाहुणे, संध्याकाळी सात वाजता. माझ्या टेबलावर कार्ड नव्हतं. मी ड्रॉवर उघडून पाहिला, वहीखाली पाहिलं. शेजारचा केमिस्ट म्हणाला, "अगं, बायकांना अवघड वाटेल म्हणून दिलं नसेल."

"बायकांना म्हणजे कुणाला? इथे मी एकटीच आहे."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून त्याने आपलं कार्ड खिशात घातलं.

दुपारी शिपाई सांगत आला, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलंय. मला वाटलं, कार्ड हातात देणार असतील. मी केस सारखे केले आणि गेले. केबिनमध्ये साहेब नव्हते, त्यांची बायको बसली होती. सगळा कारखाना तिला मॅडम म्हणायचा आणि मीही तोंडावर म्हणत असे. इथे मात्र मी तिला 'ती' म्हणणार आहे. एवढी सूट मला या वयात असावी.

"ये, ये. तू माहीमची ना? म्हणजे मासेवाल्याच ना तुम्ही?"

"आई मासळी विकते. मी केमिस्ट आहे."

"हो गं, माहितेय मला." तिने पर्समधून परदेशी मासिकाचं एक पान काढलं. गुळगुळीत, चकचकीत फोटो. "हे बघ. याला बेकन म्हणतात. मुंबईहून येतंय, ड्रायव्हर बर्फात घालून आणणार आहे. प्रश्न कोळंबीचा आहे. आमचा महाराज पडला यूपीचा पंडित. कोळंबी बघून तोंड फिरवतो आणि बेकनचं नाव काढलं की गावी जायची भाषा करतो. तू ताजी कोळंबी घे आणि एकतीसला दोन वाजता ये. गुंडाळायचं, भाजायचं. तुमच्या हातातच असतं ते."

"आणि सात वाजता?"

"सात वाजता काय?"

"चौघांना सातचं कार्ड आहे. मला दोनचं बोलावणं आहे. सातला मी कुठे असायचं?"

ती हसली. "अगं वेडे, तुला कार्ड कशाला? तू तर घरचीच. काम झालं की बस की आमच्यात."

ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं असतं त्याला आधी घरचं म्हणतात, हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं. पण 'बस की आमच्यात' एवढं मी घट्ट धरून ठेवलं. मला त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसायचं होतं, त्या चौघांच्या रांगेत. त्यांच्याइतकीच मी केमिस्ट आहे हे सगळ्यांना दिसायला हवं होतं. बाकी काही नको होतं. त्यासाठी डुक्कर हाताळावं लागलं तरी चालेल असं मी ठरवलं.

पण घरी चालणार नव्हतं. आमच्या घरात कोंबडी चालते, बोकड चालतो, समुद्रातलं तर हलेल ते सगळं चालतं. डुक्कर नाही. चुलीजवळ त्याचं नावसुद्धा निघत नाही. म्हणून मी आईला सांगितलं, साहेबांच्या घरी कोळंबीची भजी करायची आहेत.

आई जाळं विणत नव्हती की देवाजवळ बसली नव्हती, शेजारणीशी भांडत होती. भांडण अर्ध्यावर टाकून ती माझ्याकडे वळली. "साहेबाच्या घरी? माजी कोलंबी?"

"हां."

"मग मी सोता आनून देते. तू नको. तू वास येतो म्हनून पिशवी अशी लांब धरशील." तिने हात लांब करून दाखवलं, दोन बोटांच्या चिमटीत. शेजारीण खदाखदा हसली. मला राग आला, कारण ते खरं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मासळी गावाबाहेर जायची असली की तिला मीठ लागतं. बर्फ दलालांच्या पेट्यांना, टोपलीला मीठ. जितकं अंतर लांब, तितका हात सैल. पालघरच्या बाजारापुरता अगदी हलका हात, त्यापुढे वाढत जायचा. मोठ्या घरी मासळी मऊ निघाली तर लेकीची मान खाली जाईल, म्हणून आईने त्या सकाळी कोळंबी सोलून, दोरा काढून, बोईसरपुरती नव्हे, मुंबईपुरती मिठात घातली. मी तेव्हा आंघोळीला गेले होते. तिथे असते तरी मला काही वाटलं नसतं. मीठ लावणं आमच्यात दार ओढून घेण्यासारखं, त्याकडे कुणी बघत नाही. घरी अशी कोळंबी रश्शात पडते, नारळ आणि बटाटा मीठ ओढून घेतात. भज्यांनाही बेसन असतं. पण बेकन मुळातच मिठात मुरवलेलं असतं, हे आईला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ज्या पोरीने सांगायला हवं होतं तिने भजी सांगितली होती.

दोन वाजता मी बंगल्यावर पोचले. पिशवीत अबोली रंगाची नवी साडी, इस्त्री करून, सात वाजताची. मागच्या दाराच्या पायरीवर महाराज मटार सोलत बसला होता.

"काहे बिटिया, पढ़-लिखके यही करना था?"

"महाराज, आपने न पढ़के कौन-सा बड़ा काम किया? मटर ही तो छील रहे हो."

तो हसला आणि पाटी घेऊन आणखी दोन पायऱ्या खाली सरकला. स्वयंपाकघर आज बाटलं, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

बेकन मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. फिकट गुलाबी पट्ट्या, मधून पांढरी चरबी, हाताला ओल्या कातड्याच्या वादीसारख्या लागणाऱ्या. वास धुराचा. मी दोन पट्ट्या तव्यावर टाकून पाहिल्या. चरबी सुटायला बराच वेळ लागला. म्हणजे कच्ची पट्टी कोळंबीवर गुंडाळली तर पट्टी कुरकुरीत होईपर्यंत आतली कोळंबी रबर होणार. मासिकाच्या पानावर हे कुठेही नव्हतं. मी ठरवलं, पट्टी आधी अर्धी भाजायची, वाकेल इतपतच, मग गुंडाळायची. तिने आणलेल्या बाजारच्या काड्या टोचताना मोडत होत्या. मी अंगणातल्या माडाच्या झावळीचे हीर काढले, धुतले, तासले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. डोकं माझं होतं, आणि त्या हॉलमध्ये बसणाऱ्या चौघांपैकी एकालाही हे सुचलं नसतं.

तीन वाजता आई मागच्या दाराने आली. चांगलं लुगडं नेसून, केसांत फूल माळून, डोक्यावर टोपली. टोपलीतून तिने केळीच्या पानात बांधलेली कोळंबी काढून ओट्यावर ठेवली आणि तिची नजर तव्याकडे गेली.

"ह्ये काय हाय?"

"मटन."

"मटन असं नसतंय."

पायरीवरून महाराज बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "सुअर है, मौसी. सुअर. आपका झींगा इसी में लपेटेंगे."

आईला हिंदी पालघरच्या गिऱ्हाइकांपुरती येत होती, पण एवढं कळायला तेवढं पुरे होतं. ती माझ्याकडे वळली.

"मला भजी सांगितलीस."

"हां."

"खरं सांगितलं असतंस तर?"

"दिली असतीस कोलंबी?"

"नाय दिली असती."

"म्हणून."

तेवढ्यात ती, साहेबांची बायको, आत आली, केसांना गोल गोल प्लास्टिकचे रोल लावून. "अरे वा! किती छान सोललीस गं मावशी. थांब, तुला चहा देते बाहेर."

माझ्या आईचं वय पन्नाशीच्या पुढे. ती आईला अगं-तुगं करत होती आणि आई तिला म्हणाली, "नको बाई. तुमी घ्या." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी हीर तासत राहिले.

आईने टोपली उचलली. मी म्हटलं, "आये, परत नेतेस का कोलंबी?"

"टोपलीतून उतरलेली मासली आमी परत घेत नाय," ती म्हणाली. "घरी आलीस का आदी आंग धू. मग उंबऱ्यात ये." आणि गेली.

मी कोळंबी एका पाण्यातून काढली आणि सहा तुकडे करून पाहिले. दिसायला त्या फोटोसारखेच. तिने एक उचलला, चावला, आणि रुमालात थुंकला.

"ई! मीठ! अगं, समुद्र तोंडात आला! हे मुद्दाम केलंय तुझ्या आईने. बेकन पाहून तोंड वाकडं केलं होतं तिने, पाहिलंय मी."

आईने मीठ घातलं तेव्हा तिला बेकनचा पत्ताच नव्हता. हे मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर सांगावं लागलं असतं की मी आईशी खोटं बोलले, आमच्या घरात हे चालत नाही, आणि ती खुर्ची मिळावी म्हणून मी इथे आले. मी म्हणाले, "मी बघते मॅडम. सात वाजेपर्यंत करते नीट."

आईवरचा आरोप तसाच ओट्यावर पडून राहिला आणि मी घड्याळाकडे बघून कामाला लागले. त्या बाईचा मला राग आहेच, पण त्या मिनिटाचा जो राग आहे तो तिच्यावरचा नाही.

कोळंबी गार पाण्यात. दर दहा मिनिटांनी पाणी बदललं, लॅबमध्ये ठेवते तसा हिशेबाने वेळ ठेवला, दर वेळी एक कण जिभेवर. पाच पाण्यांनंतर ती ताळ्यावर आली. बेकनच्या पट्ट्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढल्या. पाण्यावर तवंग आला, पाणी चाखलं तर खाडीसारखं. मग पुसल्या, अर्ध्या भाजल्या, गुंडाळल्या, हीर टोचले. तिची ती काचेच्या झाकणाची गोल विजेची भट्टी व्होल्टेज पडल्यामुळे नुसती कोमट होत होती, म्हणून सगळे तव्यावर उलटे-पालटे करून काढले. साठ तुकडे. पावणेसातला मी न्हाणीघरात जाऊन हात घासले आणि साडी नेसून बाहेर आले.

तिने एक तुकडा चाखला. मान हलवली. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छान दिसतेस. हे बघ, ट्रे घेऊन तूच फिर, गरम गरम. महाराज तर शिवणार नाही. आणि साडीवर छान दिसेल ते."

"तुम्ही म्हणाला होता, बस."

"हो गं, बस ना. आधी एक फेरी होऊ दे."

मी ट्रे उचलला. हेही मी लपवत नाही. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं, रंगीत कागदाच्या माळा, मधल्या टेबलावर बाटल्या. मी पहिल्यांदा पाहुण्यांकडे गेले, मग साहेबांकडे, मग त्या चौघांकडे. चौघांनीही घेतलं. शेजारचा केमिस्ट म्हणाला, "अरे, तू? मस्त!" आणि दुसरा तुकडा घेतला. त्याच्या एका बाजूला वेताची खुर्ची रिकामी होती.

थोरल्या पाहुण्याने तोंडातला घास संपवून वाहवा केली. त्यावर ती खुलली आणि इंग्रजीत सांगायला लागली. पहिल्या खेपेला काय गंमत झाली, तोंडात अक्षरशः समुद्र. आमची मासेवाली! या लोकांना मिठाशिवाय काही सुचतच नाही. बिचारीला वाटलं असेल, बेकन म्हणजे सुकवायचा बोंबील.

सगळे हसले. साहेब हसले. ते चौघे हसले, माझ्या हातचे हीर बोटांत धरून.

मी ट्रे मधल्या टेबलावर ठेवला. जरा जोरातच. एक पेला कलंडला. वेताची खुर्ची ओढली, चौघांच्या मधोमध आणली आणि बसले. मग इंग्रजीतच बोलले, पाहुण्यांनाही कळावं म्हणून. म्हणाले, ती मासेवाली माझी आई आहे. कोळंबी तिची आहे. खारट तुमचं डुक्कर होतं, ते मी उकळून काढलं, म्हणून तुम्हाला हे खाता येतंय.

हे अर्धंच खरं होतं. मीठ दोन्हीत होतं. पण त्या हॉलमध्ये तोवर अर्धं खरंसुद्धा कुणी बोललं नव्हतं.

ती हसत हसतच माझ्या कानाशी वाकली आणि मराठीत म्हणाली, "आत अजून अर्धे आहेत ना? घेऊन ये बघू."

"तुमचे महाराज आणतील."

"तो शिवत नाही, माहितेय तुला."

"मग तुम्ही आणा. मी बसलेय."

ती गेली. स्वतः गेली, रेशमी साडी सावरत, आणि स्वतः ट्रे घेऊन आली. माझ्याकडे न बघता सगळ्यांपुढे फिरवला. माझ्यापुढे आला तेव्हा मी एक तुकडा उचलला आणि खाल्ला. जन्मात पहिल्यांदा. धुरकट, चरबट, आत कोळंबी गोड, नरम. चांगलं होतं. ते चांगलं होतं याचाही मला राग आला.

थोरल्या पाहुण्याने तेवढं विचारलं, उकळत्या पाण्यात किती वेळ. मी सांगितलं. बाकी कुणी माझ्याशी बोललं नाही. शेजारच्या केमिस्टने त्याची खुर्ची हळूच चार बोटं पलीकडे सरकवली. मी अर्धा तास बसले, पाठ टेकून. मग उठले, ओल्या कपड्यांची पिशवी घेतली आणि पुढच्या दाराने बाहेर पडून गाडी गाठली. त्या बंगल्यावर मला पुन्हा कधी बोलावलं नाही. चौघांची कायम झाल्याची पत्रं मार्चमध्ये आली, माझं पावसाळा उलटल्यावर. आलं मात्र. माझं काम नाकारता येण्यासारखं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा ओटीबाहेर पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. थंडीत कुडकुडत मी अंग धुतलं. आई उठली नाही. सकाळी टोपली भरताना, माझ्याकडे पाठ करूनच, तिने विचारलं.

"बसलीस?"

"बसले."

"खाली का खुर्चीवर?"

"खुर्चीवर."

"कोलंबी मऊ नाय ना पडली? मी हात सोडून मीठ घातलेलं."

"नाय पडली."

तिने टोपलीवर फडकं टाकलं. "तू खाल्लंस ते?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. "एक खाल्लं."

आई उठली. फळीवरून माझं ताट आणि पेला काढून पडवीत नेऊन ठेवला. "आठ दिस भायेर जेव. आतल्या भांड्यांना हात लावू नको."

मी वाद घातला नाही. ओट्याजवळ मी गप्प राहिले होते, ते तिला सांगितलंही नाही. आजवर सांगितलेलं नाही, आणि आता सांगायला ती नाही. आठ दिवस मी पडवीत जेवले. शेजारच्यांकडून एक लाकडी खुर्ची मागून आणली, ताट मांडीवर घेतलं आणि तिच्यावर बसून जेवले. आई दर वेळी आतून येऊन वरून भात वाढायची, खुर्चीकडे बघायची आणि आत जायची.